हाली, कलदार आणि चिंगमची कार्डं

हलवायाच्या पोराला पेढ्याचं कौतुक नसतं आणि बँकेतल्या कारकुनाला नोटेचं. वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून माझ्या बोटांना एवढंच कळलंय की कागद तो कागद. कोरा असला तर अंगठ्याला टोचतो, जुना असला तर चिकटतो. पण एका कागदानं मात्र माझी झोप उडवली. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत एक पुठ्ठ्याचं कार्ड लिलावात विकलं गेलं. किंमत १ कोटी २६ लाख डॉलर! तेव्हाच्या भावानं सुमारे शंभर कोटी रुपये. पाचशेच्या नोटांत सांगायचं तर शंभर-शंभरच्या वीस हजार गड्ड्या. आमच्या शाखेतलं नोटा मोजायचं यंत्र एवढ्या नोटा बघून स्वेच्छानिवृत्ती घेईल.

आणि कार्ड तरी कसलं? तळहातात मावेल एवढं. त्यावर मिकी मँटल नावाच्या बेसबॉल खेळाडूचं रंगीत चित्र. १९५२ साली चिंगमबरोबर विकलेलं. म्हणजे पोरांनी चिंगम चघळायचं आणि कार्ड खिशात घालायचं. त्या काळात एक पाकीट पाच सेंटला मिळे. आमच्या बँकेची दामदुप्पट योजना किती केविलवाणी आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एखाद्या वस्तूची किंमत का वाढली, हे कळल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही; कळल्यावर ती वस्तू आपल्याकडे नाही म्हणून चैन पडत नाही. तेव्हा मी या कार्डांचा इतिहास शोधून काढला. वाचकहो, तो तुमच्यापुढे मांडतो.

या सगळ्याचं मूळ सिगारेटमध्ये आहे. पूर्वी सिगारेटचं पाकीट म्हणजे नुसतं कागदी वेष्टन असे. खिशात दबून सिगारेटी वाकड्या होत. म्हणून पाकिटात एक जाड पुठ्ठा घालू लागले. १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांच्या लक्षात आलं, की पुठ्ठा घालायचाच आहे तर कोरा कशाला? त्यावर नटीचं नाहीतर खेळाडूचं चित्र छापा. झालं! बाप धूर काढू लागला आणि पोरगा बापाच्या मागे लागला, ‘बाबा, अजून एक ओढा ना.’ इंग्लंडनंही हा कित्ता गिरवला. १८९६ साली विल्स कंपनीनं क्रिकेटपटूंची पन्नास चित्रं काढली. आपल्या रणजितसिंहजींची छबीही पुढे या सिगारेटच्या चित्रांवर झळकली.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकेत निघालेल्या एका मालिकेत होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं कार्ड होतं. त्यानं ते छापायला हरकत घेतली. कोणी म्हणतात, आपल्या चित्रापायी पोरं तंबाखू घेतील, हे त्याला पटलं नाही. कोणी म्हणतात, पैसे ठरले नाहीत. ज्यांचा माणसाच्या चांगुलपणावर विश्वास आहे ते पहिलं कारण धरतात. आम्ही बँकवाले दोन्ही धरतो. काही असो, छपाई थांबली, मोजकीच कार्डं बाहेर आली, आणि आज त्यातल्या एकेकाला काही कोटी मोजावे लागतात. एका माणसानं ‘नको’ म्हटल्यानं त्याच्या चित्राचा भाव वाढला. लग्नाच्या बाजारातल्या मुलाकडच्या मंडळींना हे तत्त्व फार आधीपासून ठाऊक आहे.

सिगारेटच्या मागोमाग चिंगम आलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या टॉप्स कंपनीत साय बर्गर नावाचा एक उमदा नोकरदार होता. त्यानं १९५२ची मालिका घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखली. पुढे खेळाडूचं चित्र आणि सही, मागे त्याची कुंडली: जन्म, उंची, वजन, कामगिरी. एकूण ४०७ कार्डं. शेवटचा हप्ता दुकानांत पोचेपर्यंत मोसम संपत आला, पोरं दुसऱ्या खेळाकडे वळली, आणि माल पडून राहिला. मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड नेमकं या शेवटच्या हप्त्यातलं. आठ वर्षं गोदाम अडवून बसलेला तो माल बर्गरसाहेबांनी जत्रेत विकायचा प्रयत्न केला. तिथंही कोणी घेईना. शेवटी १९६० साली कचऱ्याचे ट्रक भरभरून ती कार्डं तराफ्यावर लादली आणि अटलांटिक महासागरात बुडवली. साहेब स्वतः तराफ्याबरोबर गेले होते, असं ते पुढे सांगत. म्हणजे आपण गणपतीला निरोप देतो तसा त्यांनी कोट्यवधी डॉलरना निरोप दिला, फक्त ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायचं राहिलं.

उरलेल्या कार्डांचा बंदोबस्त अमेरिकेतल्या मातांनी केला. पोरगा शिकायला किंवा फौजेत गेला की त्याची खोली साफ करायची आणि बुटाच्या खोक्यातला तो पसारा बाहेर टाकायचा, हे व्रत त्या देशातल्या लाखो आयांनी निष्ठेनं पाळलं. त्यामुळेच जुनी कार्डं दुर्मिळ झाली आणि त्यांना भाव आला. जगातल्या सगळ्या आयांनी पोरांची कार्डं जपून ठेवली असती तर शंभर कोटींचा सौदा झालाच नसता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी आणि पुरवठा यांवर प्रकरणं असतात. आईवर एकही नाही. हा त्या शास्त्राचा मोठा दोष आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुठे ब्रुकलिन आणि कुठे आमचं कनेरगाव नाका! पण कागदाला किंमत कशी येते आणि कशी जाते, हे आमच्या गावाला कोणी शिकवायला नको. आमच्या अलीकडचं हिंगोली निजामाच्या राज्यात, पलीकडचं वाशीम वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यात. मधल्या सरहद्दीवर आम्ही. गावाच्या नावाला ‘नाका’ का चिकटला, हे सांगायला प्राध्यापक लागत नाही. निजामाचं नाणं वेगळं, त्याला म्हणत हाली. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली पडत. काटेकोर हिशेब हवा असेल तर शंभर कलदारांना हाली एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै. (हा आकडा पाठ असल्यामुळे मला घरात कोणी भाजी आणायला पाठवत नाही, मी भाजीवालीशी पैपर्यंत वाद घालतो म्हणे.) आमचे आजोबा वाशीमच्या बाजाराला जाताना कशात कलदार आणि धोतराच्या गाठीत हाली घेऊन निघत. गाठ एकीकडे सोडायची, कसा दुसरीकडे. दोन राज्यांचं परराष्ट्र धोरण त्यांनी एका कमरेवर सांभाळलं होतं.

१९४८च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. पण हाली लगेच गेली नाही. काही वर्षं दोन्ही नाणी शेजारी शेजारी नांदली, आणि १९५९ साली हालीचं चलन कायमचं बंद झालं. कालपर्यंत ज्या कागदावर ज्वारी मिळत होती, त्यावर आज फक्त जुन्या आठवणी मिळू लागल्या. कागद तोच, छपाई तीच, फक्त त्यामागचं ‘देऊ’ म्हणणारं माणूस उठून गेलं. नोट म्हणजे दुसरं काय? कोणीतरी दिलेलं वचन. आमच्या आजच्या नोटेवरही गव्हर्नरसाहेब ‘अदा करण्याचं वचन देतो’ असंच लिहून सही करतात.

अशा गावच्या पोरांनी आपलं वेगळं चलन काढलं नसतं तरच नवल. माझ्या आधीच्या पिढीत काडेपेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटं चालत. पाकीट उलगडून सपाट करायचं, की झाली नोट. ती गोट्यांच्या डावात लावायची. चारमिनार हैदराबादची, म्हणून आमच्या भागात रस्त्यावर पैशाला पासरी. तिची किंमत सगळ्यात कमी. लांबच्या प्रवाशानं मोटारीतून फेकलेलं एखादं अनोळखी पाकीट सापडलं तर त्या पोराचा आठवडाभर थाट असे. अकोल्याहून हिंगोली-नांदेडवरून हैदराबादकडे जाणारा रस्ता आमच्या दारातून जातो. त्यामुळे कनेरगावचा परकीय चलनाचा साठा कायम भक्कम असे.

माझ्या लहानपणी या चलनाची जागा चिंगमच्या कार्डांनी घेतली. १९८७च्या रिलायन्स चषकाच्या आगेमागे ‘बिग फन’ नावाचं चिंगम देशभर गाजलं. आत क्रिकेटपटूचं छोटं चित्र, मागे छापलेल्या धावा नाहीतर बळी. ठरलेल्या धावा जमवून दुकानदाराला दिल्या की एक चिमुकली वही मिळे. ती अंगठ्यानं भराभर उलटली की चित्रातला फलंदाज खरोखर बॅट फिरवी. आज दर खिशात सिनेमा आहे. पण त्या वहीतली हालचाल आपल्या अंगठ्याची होती. फलंदाजाला हळू खेळवायचं की जोरात, हे आपण ठरवायचो. निवड समितीलाही एवढा अधिकार नसतो.

आणि तो काळही तसाच होता. ३१ ऑक्टोबर १९८७ला आमच्या विदर्भात, नागपुरात, चेतन शर्मानं न्यूझीलंडचे तीन गडी ओळीनं त्रिफळा उडवून घेतले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच दिवशी गावस्करनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं एकुलतं एक शतक. दुसऱ्याच दिवशी आमच्या नाक्यावर चेतन शर्माचा भाव एका कार्डाला तीनवर गेला. पाचच दिवसांनी मुंबईत उपान्त्य सामन्यात गूचनं स्वीप मारमारून ११५ केल्या, भारत ३५ धावांनी हरला, आणि बाजार असा कोसळला की दोन पोरांनी निषेध म्हणून अभ्यास केला.

हे भाव ठरवी कोण? तर आमचा एक सवंगडी. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा मुलगा. ट्रकवाले खूष होऊन त्याला चिंगम देत, त्यामुळे त्याच्याकडे साठा सर्वांत मोठा. कपिलच्या बदल्यात किती, अझरच्या बदल्यात किती, फाटक्या कोपऱ्याला किती सूट, सगळं त्याच्या तोंडी. त्याचा शब्द मोडला तर व्यवहार रद्द. आम्ही त्याला ‘गव्हर्नर’ म्हणायचो. तो कार्डं टायरच्या ट्यूबच्या पट्टीत बांधून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. एक गोष्ट मात्र सांगतो: त्यानं कधी कुणाला फसवलं नाही. लहान पोरगं चुकून भारी कार्ड हलक्यात द्यायला निघालं तर तोच हात धरून म्हणे, ‘येडा का काय रे, घरी विचारून ये.’ अशी माणसं बँकेत फार पुढे जात नाहीत.

तिकडे अमेरिकेत याच वर्षांत काय चाललं होतं? तिकडे पोरांच्या हातातली कार्डं मोठ्या माणसांनी हिसकावून घेतली होती. १९८० साली एका खटल्यात टॉप्सची मक्तेदारी मोडली आणि पुढच्याच वर्षी आणखी दोन कंपन्या उतरल्या. दर महिन्याला कार्डांचे भाव देणारी मासिकं निघाली, गल्लोगल्ली दुकानं झाली. १९८९मध्ये अपर डेक नावाच्या कंपनीनं गुळगुळीत कागदावर, नकली माल ओळखता यावा म्हणून चमचमता शिक्का मारून कार्डं काढली. शेअरपेक्षा कार्डं बरी, असं शहाणीसुरती माणसं म्हणू लागली. पाकीट न फोडता खोक्यांच्या खोक्यांनी माल माळ्यावर गेला. पोराच्या कॉलेजचा खर्च यातून निघेल, असा बापांचा हिशेब. जुन्या आयांचा धडा सगळ्यांनी गिरवला होता: या वेळी कोणीही काहीही टाकून दिलं नाही.

आणि तिथंच घोटाळा झाला. कोणीच टाकत नाही म्हटल्यावर दुर्मिळ होणार काय? कंपन्या तर रात्रंदिवस छापत होत्या. १९९२पासून टॉप्सनं आपल्या कार्डांतून चिंगमदेखील काढून टाकलं, कारण त्याचा डाग कार्डाला लागतो आणि किंमत उतरते. पाहा, म्हणजे ज्याच्याबरोबर कार्ड फुकट मिळे, तेच आता कार्डाला नकोसं झालं. नंतर १९९४च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला, १९०४ नंतर प्रथमच तिकडची अंतिम मालिका झाली नाही, लोक चिडले, दुकानं धडाधड मिटली. त्या वर्षांतली अब्जावधी कार्डं आजही माळ्यावर पडून आहेत. नोटा छापून कोणी श्रीमंत होत नाही, हे सरकारांना कळायला महायुद्धं लागली. बेसबॉलवाल्यांना सात-आठ वर्षं पुरली.

आमच्या नाक्यावरचा बाजार त्यांच्या आधीच बसला. प्रत्येक योजनेला मुदत असते, तशी धावांच्या योजनेलाही होती. एक दिवस दुकानदारानं सांगितलं, ‘आता वह्या नाहीत. नुसतं चिंगम घ्या.’ हाली बंद झाली तेव्हा आजोबांचा चेहरा कसा झाला असेल, ते मला त्या दिवशी गव्हर्नरच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यात १९९१ साल उजाडलं. हे साल आम्हा बँकवाल्यांना विसरता येत नाही. देशाच्या तिजोरीत परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांचं उरलं, आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं ४७ टन सोनं विमानानं इंग्लंडला पाठवून त्यावर कर्ज उचललं. दिल्ली-मुंबईचा तो हलकल्लोळ आमच्यापर्यंत पोचला नव्हता. आमच्याकडे एवढंच झालं होतं, की पंक्चरवाले काका जॅक निसटून पायावर ट्रक आल्यानं चार महिने खाटेवर होते, आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरायची तारीख जवळ आली होती.

त्या संध्याकाळी गव्हर्नर आमच्या घरी आला. मी ओट्यावरच बसलो होतो. माझ्याकडे न बघता तो सरळ चुलीपाशी आईकडे गेला आणि बिस्किटाचा डबा तिच्यापुढे ठेवला.

‘काकू, हे गहाण ठेवायचंय.’

आईनं झाकण उघडलं. आत ट्यूबच्या पट्ट्यांत बांधलेली चारशेवर कार्डं. नाक्यावरचं कुत्रं त्याला तेव्हा विचारत नव्हतं. आईला क्रिकेटमधलं एवढंच कळे की त्यापायी रेडिओचे सेल संपतात. पण तिनं त्या डब्याकडे सोनाराच्या नजरेनं पाहिलं, हातात धरून वजन केलं, आणि विचारलं, ‘किती पाहिजेत?’

‘तीस. फी आणि हिंगोलीचं एसटीचं भाडं.’

‘बरं. पण सोडवून न्यावं लागंल बाप्पा. माझ्याकडं जागा नाही.’

तुरीच्या डाळीच्या डब्यातून तीस रुपये निघाले आणि तो बिस्किटाचा डबा आईच्या फडताळात, तिच्या पाटल्या होत्या त्या खणात, कुलपाआड गेला. दुसऱ्या दिवशी मी ती कार्डं बघायला मागितली तर आई म्हणाली, ‘तारणाला हात लावायचा नसतो.’ पुढे बँकेत आल्यावर मला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. तारणाबद्दल यापेक्षा जास्त त्यात काही नव्हतं.

उसने तीस रुपये तिनं तसेच दिले असते, तर तो पोरगा पुन्हा आमच्या घराची पायरी चढला नसता. हे तिला कसं कळलं, देव जाणे. तिला मागणी-पुरवठा ठाऊक नव्हता. ज्या कागदाला बाजारात कवडीची किंमत उरली नव्हती, त्याला तिनं तीस रुपये भाव दिला, आणि दिल्याबरोबर तो खरा झाला.

दीड वर्षानं गव्हर्नर आला. रुपया-दोन रुपयांची नाणी, आठाणे, चाराणे असे तीस रुपये त्यानं ओट्यावर मांडले. आईनं मोजून घेतले. हो, मोजून घेतले. नाहीतर त्याला वाईट वाटलं असतं. डबा परत करताना तो म्हणाला, ‘काकू, व्याज?’ आई हसली आणि म्हणाली, ‘दे त्यातलं एक चित्र.’ त्यानं सगळी पसरली. गावस्कर, कपिल, रिचर्ड्स, सगळे रांगेनं बसले. आईनं बराच वेळ बघून एक उचललं. ‘हा पोरगा सालस दिसतो.’

तो कोर्टनी वॉल्श होता. लाहोरला १९८७च्याच स्पर्धेत शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला दोन धावा हव्या होत्या, आणि समोरचा सलीम जाफर चेंडू पडायच्या आधीच क्रीज सोडून पळाला होता. वॉल्शनं त्याला बाद करायचं सोडून नुसतं बजावलं, परत जाऊन चेंडू टाकला, आणि सामना गमावला. वेस्ट इंडिज उपान्त्य फेरीत पोचलं नाही. आईला यातलं अक्षर माहीत नव्हतं. कर्ज द्यायच्या आधी माणूस ओळखायला आमच्याकडे हल्ली सात पानांचा अर्ज असतो.

गव्हर्नर शिष्यवृत्तीत पास झाला, पुढे आयटीआय करून पुण्याकडे गेला. त्याच्या डब्याचं काय झालं, असं मी त्याला मध्यंतरी फोनवर विचारलं. म्हणाला, ‘आहे ना. पोराला दिलाय. पण त्याला सांगून ठेवलंय, विकायचा नाही. गहाण ठेवायला हरकत नाही.’

अमेरिकेत कार्डांना गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातली एक १९९१पासूनच चालते. कोपरे, कडा, छपाई भिंगाखाली तपासून एक ते दहापर्यंत गुण देतात आणि कार्ड पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात. वॉल्शचं कार्ड आईच्या हिशेबाच्या वहीत आहे. एक कोपरा दुमडलाय, आणि मधोमध पिवळ्याजर्द अंगठ्याचा ठसा आहे. हळदीचा, आमच्या हिंगोलीच्या. तिकडे पाठवलं तर दहापैकी एक गुण मिळेल. वरचे नऊ मी इकडून देतो.